नियम बदलायचा, तर तो कुठे मोडेल तेही सांगा

विश्वाच्या जमाखर्चात आपल्या ओळखीचं द्रव्य जेमतेम पाच टक्के भरतं. तारे, वायू, धूळ, ग्रह, आपण सगळे त्यात आलो. युरोपच्या प्लँक उपग्रहाच्या मोजणीनुसार उरलेल्यात साधारण २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा. कृष्णद्रव्याचा एकही कण अजून कुठल्या उपकरणात पक्का सापडलेला नाही. अमेरिकेत साउथ डाकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली जवळजवळ दीड किलोमीटरवर, सात टन द्रवरूप झेनॉन घेऊन वाट पाहणाऱ्या एलझेड प्रयोगालाही तो सापडलेला नाही. कृष्णऊर्जा नेमकी काय आहे, यावर तर एकमताचा सिद्धांतच नाही. मग प्रश्न येतोच: ज्या नियमाने आपण हा जमाखर्च मांडतो, तो गुरुत्वाकर्षणाचा नियमच एवढ्या मोठ्या अंतरांवर लागू पडत नसेल तर?

हा प्रश्न गंभीरपणे घ्यावा असाच आहे. कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांचा आजवरचा प्रत्येक पुरावा गुरुत्वाच्या परिणामांतून आलेला आहे. दुसरा साक्षीदार नाही. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेच्या सर्वांत काटेकोर परीक्षा झाल्या त्या सूर्यमालेत आणि जोडीने फिरणाऱ्या स्पंदताऱ्यांत, म्हणजे विश्वाच्या मानाने चिमुकल्या जागेत. सूर्यापासून नेपच्यून सुमारे ४५० कोटी किलोमीटरवर आहे. दृश्य विश्वाची त्रिज्या त्या अंतराच्या जवळजवळ एकावर चौदा शून्यं इतकी पट आहे. इतक्या लांबवर एक नियम ताणायचा आणि तो तसाच टिकेल असं मानायचं, हेही एक गृहीतकच आहे.

म्हणून गुरुत्वाचा नियम बदलून पाहणाऱ्यांच्या हक्काबद्दल मला शंका नाही. माझं म्हणणं त्या हक्काबरोबर येणाऱ्या जबाबदारीबद्दल आहे. गेल्या पंचवीस वर्षांत सुधारित गुरुत्वाचे इतके सिद्धांत निघाले की त्यांची नुसती नावं वाचायची तरी वेळ पुरत नाही. त्यांतले काही भौतिकशास्त्राच्या उत्तम परंपरेत बसतात. बरेचसे मात्र अशा रीतीने रचलेले आहेत की निसर्गाने कोणतंही उत्तर दिलं तरी त्यांना इजा होऊ नये. या दोहोंतला भेद करायला आपण शिकलो नाही, तर एका फार चांगल्या प्रश्नाची आपण नासाडी करू.

या वादात दोन्ही पक्ष एकाच माणसाच्या इतिहासाचा आधार घेतात. तो म्हणजे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ उर्बें ल व्हेरिए. युरेनस गणिताने सांगितलेल्या वाटेवरून ढळत होता. न्यूटनचा नियम बरोबर धरून ल व्हेरिएने पलीकडे एक न दिसलेला ग्रह मानला, त्याची जागा काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गॅलेला त्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून दिसला. तेरा वर्षांनी त्याच ल व्हेरिएने बुधाच्या कक्षेतली विसंगती जगापुढे ठेवली. बुधाचा उपसूर्यबिंदू इतर ग्रहांच्या ओढीमुळे जितका सरकायला हवा त्याहून थोडा जास्त सरकत होता. त्याचा आकडा शतकाला ३८ विकला होता, पुढे सायमन न्यूकमने तो ४३ वर नेला. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. ल व्हेरिएने पुन्हा तोच उपाय केला आणि सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह असल्याचं मानलं. १८७७ मध्ये मरेपर्यंत त्याचा त्यावर विश्वास होता. व्हल्कन कधीच सापडला नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने नियमच बदलला आणि ४३ विकलांचा हिशेब लागला.

कृष्णद्रव्यवाले नेपच्यूनची आठवण देतात, सुधारित गुरुत्ववाले बुधाची. दोन्ही दाखले खरे आहेत आणि म्हणूनच त्यांतून काही ठरत नाही. मला या कथेत तिसऱ्याच माणसाचं महत्त्व जास्त वाटतं. मंगळाचे दोन चंद्र शोधणाऱ्या असाफ हॉलने १८९४ मध्ये बुधासाठी एक तोडगा सुचवला. न्यूटनच्या नियमात ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे घातांक २. हॉल म्हणाला, तो २ ऐवजी २.००००००१६ धरा, म्हणजे बुधाची विसंगती मिटते. मिटलीही. गुरुत्वाच्या नियमातला तो एक अगदी छोटा, अगदी रीतसर बदल होता. पण घातांक एका ग्रहासाठी वेगळा आणि दुसऱ्यासाठी वेगळा असणार नव्हता. हॉलचा आकडा चंद्रालाही लागू व्हायला हवा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्नेस्ट ब्राउनचं चंद्राच्या गतीचं सूक्ष्म गणित तयार झालं तेव्हा त्यात या बदलाला जागा उरली नाही. तोडगा संपला.

हॉल आणि आइन्स्टाइन दोघांनीही नियम बदलला, दोघांनाही ४३ मिळाले. फरक असा की हॉलने ४३ बघून आपला आकडा निवडला होता, तर आइन्स्टाइनकडे निवडायला काही नव्हतंच. गुरुत्वस्थिरांक, सूर्याचं वस्तुमान, प्रकाशाचा वेग, बुधाची कक्षा या सगळ्या गोष्टी आधीच ठरलेल्या होत्या. समीकरणातून ४३ च्या जागी ३० किंवा ६० आले असते तर त्याला काहीच करता आलं नसतं. हॉलचाही मान राखला पाहिजे. त्याने एकच खुंटी ठेवली आणि ती सगळीकडे सारखीच पिळली. त्यामुळे त्याचा सिद्धांत मरू शकला. आज हॉल असता, तर त्याला आणखी एक पळवाट सुचवली गेली असती: घातांक बुधाजवळ वेगळा ठेवा आणि चंद्राजवळ पुन्हा दोनवर आणा. ही अतिशयोक्ती वाटेल, पण पुढे येणाऱ्या ‘झाकण्याच्या’ यंत्रणांचं काम तात्त्विकदृष्ट्या याहून फार निराळं नाही.

आधी दीर्घिकांबद्दल, कारण तिथे सुधारित गुरुत्वाची सर्वांत प्रामाणिक परंपरा आहे. फ्रिट्झ झ्विकीने १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहात दिसणाऱ्या द्रव्यापेक्षा ओढ फार जास्त असल्याचं दाखवलं होतं. १९७० पासून व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी दीर्घिकांच्या फिरण्याचा वेग मोजायला सुरुवात केली. केंद्रापासून दूर जाताना वेग कमी व्हायला हवा होता. तो होत नव्हता. १९८३ मध्ये इस्रायलचे मोर्देहाय मिलग्रोम यांनी म्हटलं की इथे न दिसणारं द्रव्य नाही. त्वरण एका ठरावीक मर्यादेखाली गेलं की गतीचा नियमच बदलतो. ती मर्यादा पृथ्वीवर वस्तू पडते त्या त्वरणाच्या सुमारे आठ हजार कोटीवा भाग आहे. मिलग्रोम यांची खुंटी ही एवढीच, आणि प्रत्येक दीर्घिकेसाठी तीच.

या एका आकड्यातून जे निघालं ते थक्क करणारं आहे. दीर्घिकेच्या सपाट वेगाचा चौथा घात तिच्यातल्या दिसणाऱ्या द्रव्याच्या प्रमाणात असला पाहिजे, आणि तो तसा आढळतो. ज्या दीर्घिका फिकट आणि विरळ आहेत त्यांच्यात विसंगती सर्वांत जास्त दिसेल, असं मिलग्रोम यांनी १९८३ मध्येच म्हटलं होतं. अशा दीर्घिकांच्या चांगल्या मोजण्या पुढे नव्वदीत झाल्या आणि तसंच दिसलं. २०१६ मध्ये स्टेसी मॅकगॉ, फेदेरिको लेली आणि जेम्स शॉम्बर्ट यांनी १५३ दीर्घिकांतल्या २,६९३ बिंदूंवरची त्वरणं मांडली. दिसणाऱ्या द्रव्यामुळे अपेक्षित त्वरण आणि प्रत्यक्षातलं त्वरण यांचे बिंदू एका अरुंद वक्रावर येऊन बसले. कृष्णद्रव्याच्या चित्रात हे समजावून सांगता येतं, पण दीर्घिका बनण्याच्या किचकट प्रक्रियेतून इतकी शिस्त का यावी, याचं उत्तर सहज मिळत नाही. कृष्णद्रव्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही गोष्ट टाळू नये असं मला वाटतं, आणि ते ती बऱ्याचदा टाळतात.

तरीही मिलग्रोम यांचा नियम विश्वाच्या पातळीवर उभा राहत नाही. दीर्घिकासमूहांत तो लावल्यावरही जवळजवळ दिसणाऱ्या द्रव्याइतकी तूट उरतेच. २००६ च्या ‘बुलेट’ समूहाच्या अभ्यासात दोन समूहांची टक्कर होऊन गरम वायू मागे पडलेला दिसतो, पण प्रकाशाला वळवणारी ओढ वायूच्या जागी नसून पुढे निघून गेलेल्या दीर्घिकांभोवती आहे. शिवाय विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या पार्श्वप्रारणातल्या चढउतारांत तिसरं शिखर जितकं उंच आहे तितकं ते केवळ साध्या द्रव्याने होत नाही. जेकब बेकेन्स्टाइन यांनी २००४ मध्ये या नियमाला सापेक्षतेच्या चौकटीत बसवलं. २०२१ मध्ये स्कोर्डिस आणि झ्लोश्निक यांनी पार्श्वप्रारणाशीही जुळणारी रचना दिली. ती कौशल्याची आहे. पण त्यासाठी आणलेली जादा क्षेत्रं सुरुवातीच्या विश्वात कृष्णद्रव्यासारखीच वागतात. एका खुंटीचं वैभव तिथे संपतं.

इथे एक गणिती सत्य लक्षात घेतलं पाहिजे. १९७१ मध्ये डेव्हिड लव्हलॉक यांनी सिद्ध केलं की चार मितींत, केवळ अवकाश-कालाची भूमिती घेऊन, दुसऱ्या क्रमापर्यंतची समीकरणं लिहायची असतील, तर आइन्स्टाइनचं समीकरण आणि त्यात एक विश्वस्थिरांक, एवढंच शक्य आहे. म्हणजे नियम बदलायचा तर काहीतरी सोडावं लागतं: जादा क्षेत्र आणा, जादा मिती आणा, किंवा समीकरणाचा क्रम वाढवा. क्रम वाढवला तरी बहुतेक वेळा त्यातून एक नवं क्षेत्रच बाहेर पडतं. तेव्हा ‘नवीन द्रव्य की नवीन नियम’ ही जी सरळ निवड आपल्यापुढे ठेवली जाते, ती तितकी सरळ नाही. नवीन द्रव्य नको म्हणून नियम बदलला, तर नवीन क्षेत्र मागच्या दाराने घरात येतं.

कृष्णऊर्जेच्या बाबतीत हे नीट दिसतं. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरच्या अतिनवताऱ्यांवरून विश्वाचं प्रसरण वेगावत असल्याचं दाखवलं. सर्वांत साधं उत्तर म्हणजे आइन्स्टाइनने १९१७ मध्ये आणलेला विश्वस्थिरांक. तो मोजणीशी जुळतो, पण निर्वात अवकाशाच्या ऊर्जेचा क्वांटम सिद्धांतातला भाबडा अंदाज आणि हा आकडा यांत सुमारे १२० शून्यांचा फरक पडतो. हे समाधानकारक नाही, आणि मानक चित्राचे समर्थकही ते मान्य करतात. त्यांच्याकडचीही ती एक खुंटीच आहे.

मग २००३ मध्ये शॉन कॅरोल, विक्रम दुव्वुरी, मार्क ट्रॉडन आणि मायकल टर्नर यांनी सुचवलं की आइन्स्टाइनच्या सूत्रात जिथे वक्रता ‘आर’ येते तिथे तिच्या व्यस्ताच्या प्रमाणातलं एक पद जोडा. विश्व विरळ होत गेलं की वक्रता घटते, ते पद मोठं होतं आणि प्रसरण आपोआप वेगावतं. कल्पना देखणी होती. ‘एफ(आर)’ नावाच्या घराण्यातली ती या काळातली सर्वांत गाजलेली शाखा. त्याच वर्षी ताकेशी चिबा यांनी दाखवलं की या सिद्धांतात सूर्याजवळून जाणारा प्रकाश आइन्स्टाइनने सांगितलेल्याच्या पाऊणपटच वळेल. आणि त्याच वर्षी कॅसिनी यानाच्या रेडिओ संदेशांवरून निघालेले आकडे प्रसिद्ध झाले: आइन्स्टाइनपासून लाखात काही भागांपेक्षा जास्त फरकाला तिथे जागाच नाही. मूळ सूचना टिकली नाही. ज्यांनी ती मांडली त्यांनी ती नेमकी मांडली होती, म्हणूनच ती इतक्या लवकर पडली; हे मी त्यांच्या श्रेयात धरतो.

त्यानंतर आल्या झाकण्याच्या यंत्रणा. २००४ मध्ये जस्टिन खुरी आणि अमांडा वेल्टमन यांनी ‘कॅमेलियन’ क्षेत्राची कल्पना दिली. घनता जास्त असेल तिथे हे क्षेत्र जड होतं आणि त्याची ओढ फार थोड्या अंतरापर्यंतच पोचते. घनता कमी असेल तिथे ते मोकळं होतं आणि गुरुत्व एक तृतीयांशाने वाढवू शकतं. सूर्यमाला दाट, त्यामुळे तिथे काही दिसणार नाही. विश्वाच्या पोकळ्यांत दिसेल. २००७ मध्ये वेन हू आणि इग्नेसी साविकी यांनी या धर्तीवर एफ(आर) ची अशी आवृत्ती लिहिली जी सूर्यमालेच्या परीक्षा पार करते.

कॅमेलियनला सरसकट पळवाट म्हणणं अन्यायाचं होईल. प्रयोगशाळेत पोकळी निर्माण करून अणूंवर त्याची ओढ शोधता येते आणि तसे प्रयोग झालेही. दीर्घिकासमूहांच्या संख्येवरूनही त्याला वेसण घातली गेली आहे. पण २०१२ मध्ये वांग, हुई आणि खुरी यांनी, म्हणजे कॅमेलियनच्या एका जनकानेच, एक अडचणीचा निष्कर्ष सिद्ध केला. आपली आकाशगंगा झाकली जायची असेल, तर या क्षेत्राचा पल्ला विश्वाच्या मानाने फार आखूड असावा लागतो. इतका आखूड की प्रसरण वेगावण्याचं काम गुरुत्वातला बदल करूच शकत नाही. ते काम करायला पुन्हा कृष्णऊर्जाच लागते. हू-साविकी सूत्रात ती विश्वस्थिरांकासारखी वागणारी संख्या आत बसलेलीच आहे. ज्या गोष्टीपासून सुटका हवी म्हणून नियम बदलला, तीच नव्या नियमाच्या पोटात निघाली. सिद्धांत शिल्लक राहिला, पण त्याला जन्म देणारं कारण शिल्लक राहिलं नाही. मला हा या सगळ्या इतिहासातला निर्णायक मुद्दा वाटतो.

पुण्याच्या आयुकात आयुष्याचा मोठा भाग घालवलेले थानू पद्मनाभन (ते २०२१ मध्ये गेले) यांनी या अडचणीवर वेगळ्या बाजूने बोट ठेवलं होतं. द्रव्याच्या ऊर्जेत एखादा स्थिरांक मिळवला तर इतर सगळं भौतिकशास्त्र जसंच्या तसं राहतं, गुरुत्व मात्र बदलतं. त्यांच्या मते खरा रोग हा होता, आणि वक्रतेच्या नव्या फलनाने तो जात नाही. निर्वाताची ऊर्जा हाताने शून्य धरायची आणि मग वेगावण्यासाठी दुसरं पद जोडायचं, यात जुना प्रश्न तसाच राहतो आणि नवा वाढतो. त्यांनी स्वतः सुचवलेली वाट, गुरुत्वाला उष्मागतिकीसारखं उगवतं रूप मानण्याची, शेवटपर्यंत पोचली असं मी म्हणणार नाही. निदान मात्र अचूक होतं.

१७ ऑगस्ट २०१७ या दिवशी सुधारित गुरुत्वाच्या क्षेत्रात जे घडलं त्याची बरोबरी करणारी दुसरी घटना नाही. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेतून आधी गुरुत्वीय लहर आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. १३ कोटी वर्षांच्या प्रवासात फरक फक्त दोन सेकंदांहून कमी. याचा अर्थ गुरुत्वीय लहरींचा आणि प्रकाशाचा वेग साधारण एकावर पंधरा शून्यं यातल्या एका भागापर्यंत सारखा. याच टकरीतून उठलेल्या रेडिओ झळाळीचा मागोवा घेणाऱ्यांत नारायणगावाजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीणही होती.

या १.७ सेकंदांनी किती कागद रद्द केले! एका जादा क्षेत्राच्या गुरुत्वासाठी ग्रेगरी होर्न्डेस्की यांनी १९७४ मध्ये लिहिलेल्या सर्वसाधारण सूत्राच्या मोठ्या भागात गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा निघतो; प्रसरण वेगावण्यासाठी ज्या शाखांवर भर होता त्यांतल्या बहुतेक तिथेच खुंटल्या. बेकेन्स्टाइन यांच्या सिद्धांतासारख्या रचनांत प्रकाश एका भूमितीत चालतो आणि गुरुत्वीय लहर दुसऱ्या. कृष्णद्रव्याच्या ओढीचा भास फक्त प्रकाशाला होतो, म्हणून त्याला उशीर व्हायला हवा. आयआयटी हैदराबादचे शंतनू देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००८ मध्येच लिहून ठेवलं होतं. या घटनेसाठी तो फरक सुमारे ४०० दिवसांचा भरत होता. आले १.७ सेकंद. हे सिद्धांत हरले, पण ते हरण्यासारखे होते. विज्ञानात याहून मोठी प्रशस्ती मला ठाऊक नाही.

आपल्या माणसांनी अशी जोखीम पूर्वी घेतलेली आहे. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉइल यांनी जून १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत गुरुत्वाचा नवा सिद्धांत मांडला. त्याच्या मुळाशी माखचा विचार होता: वस्तूचं जडत्व तिचं स्वतःचं नसून विश्वातल्या इतर सगळ्या कणांमुळे येतं. कण पुष्कळ असतील तर त्यातून आइन्स्टाइनचंच समीकरण निघतं, पण गुरुत्व ओढणारंच का, ढकलणारं का नाही, याचंही उत्तर मिळतं. त्या सिद्धांतात प्रत्येक कणाला भूतकाळातून येणारा आणि भविष्यातून येणारा असे दोन्ही प्रभाव निम्मे निम्मे धरावे लागतात. तिथेच, त्या सभेत, केंब्रिजचा एक तरुण संशोधक उठून म्हणाला की प्रसरण पावणाऱ्या विश्वात भविष्याकडून येणारी बेरीज अनंत होते. तो तरुण स्टीफन हॉकिंग. १९६५ मध्ये त्याने हे रीतसर प्रसिद्ध केलं.

आपल्याकडे या प्रसंगाबद्दल थोडं अवघडून बोललं जातं, जणू तो आपल्या माणसाचा पराभव होता. मला तसं वाटत नाही. हॉकिंगला आक्षेप घेता आला, कारण सिद्धांतात ठरवून बोललेलं होतं. निसटायला फलन ठेवलेलं नव्हतं. नारळीकरांनी स्थिर-स्थिती विश्वाची, म्हणजे विश्व सर्वकाळ सारखंच असतं या मताची, बाजू पुढे कित्येक दशकं सुधारत, वाद घालत लढवली. १९६५ मध्ये सापडलेलं पार्श्वप्रारण आणि रेडिओ स्रोतांच्या मोजण्या यांमुळे ती बाजू हरली, असं माझं मत आहे. पण १९४८ च्या मूळ स्थिर-स्थिती सिद्धांतातून एक भाकीत निघत होतं की विश्वाचं प्रसरण मंदावणार नाही, वेगावेल. मंदावण्याचंच सगळे बोलत असताना हे भाकीत दुबळेपणाचं लक्षण मानलं गेलं. १९९८ नंतर या गोष्टीची आठवण ठेवणारे थोडेच निघाले. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा त्यांच्या विज्ञानकथांवर आणि संस्था उभारणीवर खूप लिहिलं गेलं, ते योग्यच. त्यांच्या या वैज्ञानिक धाडसावर मात्र फार थोडं.

आणि म्हणूनच महाराष्ट्रातल्या, विशेषतः विदर्भातल्या कित्येक महाविद्यालयांच्या गणित विभागांत आज जे चाललंय ते पाहून मन खट्टू होतं. तिथे सुधारित गुरुत्वावर सतत शोधनिबंध निघतात. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून, ग्रंथालयं अपुरी असताना, विद्यार्थी आणि शिक्षक आइन्स्टाइनची समीकरणं सोडवतात, ही परंपरा साधी नाही आणि मला तिचा अभिमान आहे. पण बहुतेक निबंधांची कृती एकच. एफ(आर) च्या धर्तीवरच्या एफ(आर,टी), एफ(टी), एफ(क्यू) यांतला एक सिद्धांत घ्या. बिआंकीच्या यादीतलं एखादं असमदिक, म्हणजे सगळ्या दिशांना सारखं नसलेलं, विश्व घ्या. समीकरणांपेक्षा अज्ञात राशी जास्त असतात, म्हणून विश्वाचा आकार काळानुसार कसा वाढतो ते स्वतःच गृहीत धरा. मग घनता आणि दाब काढा, आलेख काढा, आणि विश्व वेगावतं असं आढळलं, हे निरीक्षणांशी सुसंगत आहे, असं लिहा. वेगावणं मुळात गृहीतच धरलेलं होतं. शिंप्याने माप घेऊन शिवलेला सदरा अंगाला बसला, यातून अंगाबद्दल काही नवं कळत नाही.

एफ(आर,टी) सिद्धांत २०११ मध्ये आला. त्यात वक्रतेबरोबर द्रव्याच्या ऊर्जेचीही राशी घेतलेली असते. २०१९ मध्ये दोघा अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की यातला सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार, ज्यात द्रव्याचं पद वेगळं जोडलेलं असतं, तो गुरुत्वातला बदलच नाही. ते पद द्रव्याच्या वर्णनात घातलं की पुन्हा आइन्स्टाइनचंच समीकरण राहतं. यावर प्रत्युत्तर दिलं गेलं, वाद झाला, आणि तो प्रत्येक पीएच.डी.च्या पहिल्या प्रकरणात असायला हवा होता. निबंध मात्र जुन्याच कृतीने निघत राहिले. दोष विद्यार्थ्यांचा कमी आहे. नोकरीला आणि पदोन्नतीला निबंधांची संख्या मोजली जाते; नवं फलन निवडलं की नवा निबंध तयार होतो; आणि हा सिद्धांत कुठे मोडेल, हा प्रश्न मौखिक परीक्षेत कोणी विचारत नाही.

विचारायचं काय, हे अवघड नाही. या सिद्धांतात गुरुत्वीय लहर प्रकाशाच्या वेगाने जाते का? सूर्याजवळ प्रकाश किती वळतो? दीर्घिकांचे समूह कोणत्या गतीने वाढतात? यातला शेवटचा प्रश्न आता सर्वांत महत्त्वाचा ठरतोय. केवळ प्रसरणाचा इतिहास जुळवणं कोणत्याही फलनाला जमतं; पण तोच इतिहास देणारे दोन सिद्धांत द्रव्याच्या गुठळ्या वेगवेगळ्या गतीने वाढवतात. शिवाय सामान्य सापेक्षतेत दीर्घिकांना हलवणारं विभव आणि प्रकाश वळवण्यात त्याच्या जोडीने येणारं दुसरं विभव, ही दोन्ही जवळजवळ समान असतात. बहुतेक सुधारित सिद्धांतांत नसतात. दीर्घिकांच्या गती आणि त्यांच्या मागच्या दीर्घिकांच्या आकारांचं गुरुत्वीय भिंगामुळे होणारं किंचित वाकणं, दोन्ही एकाच आकाशात मोजलं की ही गोष्ट उघडी पडते. जुलै २०२३ मध्ये निघालेली युक्लिड दुर्बीण याच कामावर आहे.

ॲरिझोनातल्या डेझी सर्वेक्षणाने मार्च २०२५ मध्ये जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वासार मोजून असं सुचवलं की कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी. अतिनवताऱ्यांचा कोणता संच जोडता त्यावर या दाव्याचं वजन २.८ ते ४.२ सिग्मा ठरतं. हे अजून सिद्ध झालेलं नाही. पण आकडे खरे ठरले, तर त्यांतला बदल असा आहे की एखादं साधं क्षेत्र तो देऊ शकत नाही आणि गुरुत्वातला बदल देऊ शकतो. त्यामुळे सुधारित गुरुत्वाकडे पुन्हा गर्दी होणार, झालीही आहे. याच सर्वेक्षणाने आधी, २०२४ मध्ये, गुठळ्यांच्या वाढीचा वेग आइन्स्टाइनशी जुळत असल्याचं सांगितलं होतं. दोन्ही निकाल एकत्र पेलणारा सिद्धांत ज्याला लिहायचा आहे त्याने तो लिहावा, पण वाढीचा आकडा आणि भिंगाचा आकडा युक्लिडच्या आधी छापावा.

आणखी एक परीक्षा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होऊ शकते. लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आणि २,६०० कोटी रुपये मिळाले. गुरुत्वीय लहरीच्या उंचीवरून स्रोताचं अंतर थेट निघतं. काही सिद्धांतांत ही लहर प्रवासात प्रकाशापेक्षा वेगळ्या दराने क्षीण होते, त्यामुळे लहरीने सांगितलेलं अंतर आणि दीर्घिकेच्या प्रकाशाने सांगितलेलं अंतर यांत फरक पडतो. तो मोजायला लहर कोणत्या दीर्घिकेतून आली हे कळलं पाहिजे, आणि आकाशातली जागा अचूक ठरवायची तर एकमेकांपासून लांब असलेल्या जास्त वेधशाळा लागतात. २०१७ नंतर तितकी स्पष्ट दुसरी जोडघटना सापडलेली नाही. औंढ्याचे चार-चार किलोमीटरचे बाहू चालू झाले की अशा घटना जास्त पकडल्या जातील, आणि आज विदर्भ-मराठवाड्यात लिहिल्या जाणाऱ्या निबंधांतला प्रत्येक सिद्धांत त्या अंतरांपुढे उभा करता येईल. त्यासाठी त्या निबंधांत लहरीच्या क्षीण होण्याचं एक सूत्र असावं लागेल. ते काढायला दुर्बीण लागत नाही, पेन्सिल आणि दोन-तीन आठवडे लागतात.